वाचकांचे प्रश्न : घरच्या संगणकावर लेकराचं खातं

विदर्भातल्या शाळा उघडायला जूनचा शेवट उजाडतो. तोवर बाहेर ऊन, लेकरं घरात आणि घरात कुणीतरी आणून ठेवलेला लॅपटॉप. त्यामुळे या वेळच्या पत्रांत एकच विषय वारंवार आला आहे : लेकराला संगणक द्यायचा, पण मोकाट सोडायचा नाही. विंडोजमधली बटणं इंग्रजीत दिसतात. इथे ती उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.

प्रश्न : तालुक्याच्या दुकानातून जुना लॅपटॉप घेतला, विंडोज १० टाकून दिलं. मुलगा सहावीत, मुलगी तिसरीत. बटण दाबलं की लॅपटॉप थेट उघडतो, पासवर्ड विचारत नाही. दुकानदार म्हणतो, मुलांसाठी कंट्रोलचं वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्या. कोणतं घ्यावं?
— एक पालक, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : सध्या काहीच विकत घेऊ नका. थेट उघडणारं ते खातं जवळजवळ नक्कीच 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' प्रकारचं आहे, म्हणजे त्यावर बसणारा मालक. मालकाच्या खात्यावर पोरगं बसलं असेल तर कितीही महागाचं सॉफ्टवेअर टाका, तो ते दोन मिनिटांत काढून टाकेल. म्हणून आधी खात्यांची मांडणी, मग निर्बंध. हा क्रम उलटा झाला की 'लावलं होतं, पण चाललं नाही' अशी तक्रार येते.

सेटिंग्ज, अकाउंट्स, 'युअर इन्फो' उघडा. नावाखाली 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' लिहिलेलं दिसेल. हे खातं तुमचं. त्याच पानावर 'साइन इन विथ अ मायक्रोसॉफ्ट अकाउंट इन्स्टेड' दाबून ते तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडा. खातं नसेल तर तिथेच नवं उघडता येतं. मग 'साइन-इन ऑप्शन्स'मध्ये पिन ठेवा. पिन म्हणजे पासवर्डची धाकटी बहीण नव्हे. सॉफ्टवेअर टाकायची परवानगी विचारणाऱ्या चौकटीतही तोच पिन चालतो. १२३४, जन्मसाल आणि गाडीचा नंबर हे तिन्ही पोरांना आधीच ठाऊक असतात.

आता अकाउंट्समध्येच 'फॅमिली अँड अदर यूजर्स' (विंडोज ११ मध्ये 'फॅमिली') उघडा, 'अ‍ॅड' दाबा आणि 'क्रिएट वन फॉर अ चाइल्ड' निवडा. मुलाचा नवा आउटलुक पत्ता तिथेच तयार होतो, वेगळा ईमेल लागत नाही. जन्मतारीख खरी टाका. ओटीपीची कटकट नको म्हणून अनेक जण १९९० टाकतात; मग ते खातं मोठ्या माणसाचं धरलं जातं आणि मुलांसाठीची बंधनं त्याला नीट लागत नाहीत. मुलीचंही वेगळं खातं करा. भावंडांना मिळून एकच खातं दिलं तर तिसरीचं कुंपण सहावीच्या पोराला तोकडं पडतं, किंवा सहावीची मोकळीक तिसरीतल्या पोरीला मिळते.

यानंतरची पायरी बरेच जण विसरतात. प्रत्येक मुलाला त्याच्या खात्यानं त्या लॅपटॉपवर एकदा तरी नेट चालू असताना साइन इन करायला लावा. तोवर तो लॅपटॉप मायक्रोसॉफ्टच्या 'फॅमिली सेफ्टी' या मुलांवर लक्ष ठेवायच्या अ‍ॅपच्या यादीत दिसतच नाही. आधीच असलेल्या खात्याला आमंत्रण पाठवलं असेल आणि नावापुढे 'पेंडिंग' दिसत असेल तर आमंत्रण स्वीकारलेलं नाही, आणि तोवर एकही निर्बंध लागत नाही.

निर्बंध लावायचे ते तुमच्या फोनवरून, याच फॅमिली सेफ्टी अ‍ॅपमधून. ते फुकट आहे. 'कंटेंट फिल्टर्स'मध्ये नको त्या साइट आणि शोध गाळायचं बटण आहे. मुलासाठी तेवढं पुरे. मुलीसाठी त्याखालचं 'ओन्ली यूज अलाउड वेबसाइट्स' चालू करा आणि मोजक्या साइट लिहून द्या : ई-बालभारती, दीक्षा, शाळा सांगेल ती एखादी. दीक्षावरचं पान उघडलं पण व्हिडिओ काळाच राहिला, तर व्हिडिओ दुसऱ्या पत्त्यावरून येतो असं समजा. मुलीच्या खात्यातून 'परवानगी मागा' दाबलं की तो पत्ता तुमच्या फोनवर येतो, तिथून मंजूर करा.

हा गाळणा फक्त विंडोजसोबत येणाऱ्या एज ब्राउझरमध्ये काम करतो. म्हणूनच तो चालू केला की क्रोम, फायरफॉक्स यांसारखे ब्राउझर मुलाच्या खात्यात बंद होतात. 'क्रोम बिघडलं' म्हणून दुकानात नेऊ नका, आणि पोराच्या हट्टापायी क्रोमला परवानगीही देऊ नका. ती दिलीत की गाळणा गेला.

सगळं झालं की त्याच बैठकीत मुलाच्या खात्यात शिरून पाहा. एखादं सॉफ्टवेअर टाकून बघा : तुमचा पिन मागितला पाहिजे. क्रोम उघडा : अडलं पाहिजे. एजमध्ये खासगी खिडकी उघडा : उघडता कामा नये. एक भोक मात्र राहतं. काही अ‍ॅप मालकाची परवानगी न मागता वापरणाऱ्याच्याच फोल्डरमध्ये बसतात, टेलिग्राम आणि डिस्कॉर्ड ही ठळक उदाहरणं. पेनड्राइव्हवरून चालणारे ब्राउझरही असतात. हे आधी थांबवता येत नाही. पण मुलानं ते एकदा वापरलं की फॅमिली सेफ्टीच्या अ‍ॅपच्या यादीत नाव दिसतं, तिथून बंद करा. आठवड्यातून एकदा ती यादी चाळणं पुरेसं आहे.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. लॅपटॉपमध्ये इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर आणि किमान ४ जीबी रॅम असेल तर विंडोज ११ घ्या. डाउनलोड काही जीबींचं असतं, दिवसाच्या दीड जीबीत भागणार नाही. जिथे वायफाय आहे तिथे लॅपटॉप नेऊन करा. एरवी हॉटस्पॉट जोडल्यावर त्या जोडणीच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'मीटर्ड कनेक्शन' चालू ठेवा, नाहीतर अपडेटच सगळा डेटा गिळतात आणि आळ पोरावर येतो.

प्रश्न : नातू माह्यापाशी राह्यते, सातवीत हाय. मुलगा-सून पुण्याले. मुलानं लॅपटॉप पाठवला, मले त्यातलं काही समजत नाही. नातू म्हणते, आबाजी पासवर्ड सांगा, अभ्यास हाय. मी सांगून टाकतो. मग रातच्या बारा वाजेलोक बसते. मी इथून काय करू?
— एक आजोबा, मेहकर तालुका, जि. बुलडाणा

उत्तर : आबाजी, यातलं बहुतेक काम तुमचं नाहीच, मुलाचं आहे, आणि ते पुण्यात बसून होण्यासारखं आहे. कुटुंबाचा गट मुलानं स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर उघडावा आणि नातवाला त्यात घ्यावं. मग वेळ किती, कोणत्या साइट, हे तो फोनवरून ठरवेल. नातवाला जास्त वेळ हवा असला तर विनंतीही पुण्यालाच जाईल. तुमच्याजवळ हट्ट करून उपयोग राहणार नाही.

लॅपटॉपवर मात्र एकदा हात लागतो. मुलगा घरी येईल तेव्हा त्यानं तिथे तीन खाती करावीत : स्वतःचं अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, नातवाचं साधं (विंडोजमध्ये 'स्टँडर्ड') आणि तुमचं साधं, ज्यावर तुम्ही कीर्तन, बातम्या, बाजारभाव पाहाल. तुमच्या खात्याला पिन हवाच. तो नातवाला कळला तर तुमच्या खात्यावर बसून तो सगळी बंधनं चुकवेल, कारण बंधनं त्याच्या खात्याला आहेत, लॅपटॉपला नाहीत.

मुलगा कदाचित म्हणेल, मी इथूनच पासवर्ड बदलून टाकतो. त्यानं भागणार नाही. पिन त्या लॅपटॉपपुरताच साठवलेला असतो. पुण्यातून खात्याचा पासवर्ड बदलला तरी जुना पिन मेहकरला चालूच राहतो. तो लॅपटॉपवर बसूनच बदलावा लागतो.

तोवर साधा उपाय : रात्री नऊ वाजता चार्जर तुमच्या उशाशी. जुन्या बॅटऱ्या तासा-दीड तासाच्या वर टिकत नाहीत.

प्रश्न : मुलाला संध्याकाळी ५ ते ७ अशी वेळ लावून दिली. पण आमच्याकडे नेमकी त्याच वेळी लाइट जाते. शिवाय लाइट जाऊन आली की डेस्कटॉपची तारीख कित्येक वर्षं मागे जाते, साइट 'सुरक्षित नाही' म्हणतात आणि मुलाचं खातं उघडतच नाही. कंट्रोल लावल्यामुळे संगणक खराब झाला का?
— दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : कंट्रोलचा काही दोष नाही. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली आहे. संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवणं हे तिचं काम. ती मेली की वीज जाताच घड्याळ कारखान्यातल्या तारखेवर जातं. मग साइटचं प्रमाणपत्र 'अजून सुरूच झालेलं नाही' असं संगणकाला वाटतं, तो नेटवरच्या कशावरच विश्वास ठेवत नाही आणि साइन इनही अडतं.

बॅटरीचा क्रमांक सीआर २०३२, ३ व्होल्ट. घड्याळाच्या दुकानातही मिळते. संगणक बंद करून प्लग भिंतीतून काढा, मग चालू करायचं बटण पाचेक सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या. बाजूचा पत्रा उघडा, क्लिप बोटानं सरकवली की जुनी बॅटरी उसळून येते. नवी बसवताना अधिक चिन्हाची बाजू वर. मल्टिमीटर असेल तर जुनी मोजून पाहा, २.७ व्होल्टच्या खाली असेल तर गेलीच. नंतर बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या, संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) तारीख लावा आणि विंडोजच्या 'डेट अँड टाइम'मध्ये 'सिंक नाउ' दाबा. टाइम झोन +५:३० आहे ना तेही पाहा. साध्या खात्याला घड्याळाची वेळ बदलता येत नाही, पण टाइम झोन बदलता येतो, आणि हे पोरांना आपल्याआधी कळतं. बायोसला पासवर्ड ठेवला होता का? डेस्कटॉपवर बॅटरी काढली की तो बरेचदा पुसला जातो, पुन्हा ठेवा.

आता वेळेचं. लाइटचा भरवसा नसलेल्या घरात ५ ते ७ अशी घट्ट वेळ लावूच नये. फॅमिली सेफ्टीच्या 'स्क्रीन टाइम'मध्ये दोन गोष्टी वेगळ्या ठरवता येतात : कोणत्या वेळेच्या आत बसायचं आणि त्यात एकूण किती तास. आत बसण्याची वेळ मोठी ठेवा, म्हणजे सकाळी ७ ते रात्री ९, आणि एकूण दीड तास. लाइट जाईल तेवढा वेळ आपोआप वजा होत नाही, कारण मोजणी चालू संगणकाची होते. उन्हाळ्यात शाळा सकाळची झाली की ही वेळ पुन्हा एकदा पाहायला हवी. दर वाराला वेगळी मर्यादा ठेवता येते, रविवारी थोडी सैल सोडा.

फोनवरून केलेला बदल संगणकापर्यंत नेटवरूनच पोचतो. तुम्ही वावरातून दहा वेळा अर्धा तास वाढवून दिला आणि घरी हॉटस्पॉट नसेल, तर संगणकाला त्यातलं काही कळत नाही.

प्रश्न : फॅमिली सेफ्टीच्या भानगडीत पडायचं नाही. डीएनएस बदललं की वाईट साइट बंद होतात असं ऐकून लॅपटॉपमध्ये बदललं. भावाच्या वायफायवर चाललं, पण माझ्या फोनच्या हॉटस्पॉटवर सगळ्या साइट उघडतात. असं का?
— मोर्शी तालुका, जि. अमरावती

उत्तर : दोन कारणं संभवतात, आणि तुमच्याकडे दोन्ही एकत्र असू शकतात.

डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणारी सेवा. काही सेवा वाईट साइटचा पत्ता सांगायचंच नाकारतात. क्लीनब्राउझिंगची कुटुंबासाठीची फुकट सेवा १८५.२२८.१६८.१६८ आणि १८५.२२८.१६९.१६८ या पत्त्यांवर आहे. ती शोधयंत्रं आणि यूट्यूबही गाळलेल्या रूपात दाखवायला लावते. क्लाउडफ्लेअरची १.१.१.३ आणि १.०.०.३ ही आणखी एक, जरा सैल. (टाइप करताना आकडे इंग्रजी कळफलकावरचे.)

पहिलं कारण : तुम्ही बहुधा भावाच्या वायफायच्या नावावर टिचकी मारून तिथे डीएनएस बदललं. तो बदल त्या एका वायफायपुरता असतो, हॉटस्पॉट हे दुसरं जाळं. बदल वायफायच्या कार्डावरच करायला हवा. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, चौकटीत एनसीपीए डॉट सीपीएल टाका (अर्थात इंग्रजी अक्षरांत), वायफायवर उजवी टिचकी, प्रॉपर्टीज, यादीतलं 'इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४' निवडून पुन्हा प्रॉपर्टीज, आणि खालच्या भागात दोन्ही पत्ते भरा.

दुसरं कारण मोबाइलच्या नेटचं. नेटवरच्या पत्त्यांच्या दोन पद्धती आहेत, आयपी आवृत्ती ४ आणि ६. जिओसारखी जाळी आवृत्ती ६ वर चालतात आणि हॉटस्पॉट लॅपटॉपला आवृत्ती ६ चं स्वतःचं डीएनएसही देतो. तुम्ही आवृत्ती ४ चं दार बंद केलंत, ६ चं सताड उघडं राहिलं. त्याच यादीत 'व्हर्जन ६' समोरची खूण काढा. हॉटस्पॉट आवृत्ती ४ वरही चालतो, नेट बंद पडणार नाही. मग लॅपटॉप 'रीस्टार्ट' करा. 'शट डाउन' नको, कारण त्यात विंडोज अर्धी झोपलेलीच राहते आणि जुने पत्ते लक्षात ठेवू शकते.

ब्राउझरच्या सेटिंगमध्ये 'सिक्युअर डीएनएस' असतं. तिथे पोरानं दुसरी सेवा निवडली की तुमचे पत्ते ब्राउझर वापरतच नाही. ते खुलं ठेवून फक्त डीएनएसवर विसंबणं कच्चं काम आहे. आणि मुलाचं खातं साधं नसेल तर तो ही सगळी खिडकी उघडून तुमचे आकडे पुसेल, म्हणजे पुन्हा आर्वीच्या उत्तराची पहिली पायरी आलीच. फोनमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' टाकलं असेल तर ते फोनसाठी. हॉटस्पॉटवरच्या लॅपटॉपला ते लागेल असं धरून चालू नका.

पेनड्राइव्हवरून आलेले सिनेमे, मेमरी कार्ड, व्हॉट्सअ‍ॅपवरचे व्हिडिओ यातल्या कशालाच डीएनएस दिसत नाही. गावात निम्मा माल याच वाटेनं फिरतो.

प्रश्न : मुलाच्या फोनमध्ये गूगल फॅमिली लिंक आहे. तेच लॅपटॉपवर चालेल ना?
— साकोली तालुका, जि. भंडारा

उत्तर : नाही. फॅमिली लिंक अँड्रॉइड फोन-टॅब आणि क्रोमबुक (गूगलच्या प्रणालीवर चालणारे लॅपटॉप) सांभाळतं. विंडोजच्या लॅपटॉपचा वेळ ते मोजत नाही की लॅपटॉप बंदही करत नाही. फोनला फॅमिली लिंक, लॅपटॉपला फॅमिली सेफ्टी, असे दोन्ही वेगळे ठेवा. दोघांत ताळमेळ नाही, तेव्हा फोनचा एक तास आणि लॅपटॉपचा एक तास मिळून दोन होतात हे धरूनच आकडे ठरवा.

प्रश्न : जिल्हा परिषदेची शाळा. चार डेस्कटॉप, दोनांत विंडोज ७, दोनांत विंडोज १०. नेट नाही. मुलं सेटिंग बदलतात, आयकॉन उडवतात. परवा कुणीतरी खात्याला पासवर्डच घातला. प्रत्येक मुलाचं खातं करावं का?
— एक शिक्षक, धारणी तालुका, जि. अमरावती

उत्तर : नका करू. नेट नसेल तर फॅमिली सेफ्टीचा उपयोग नाही, आणि चाळीस खाती सांभाळण्यात तास निघून जाईल. वर्गाला एक खातं पुरे : 'पाचवी', 'सहावी', 'सातवी'. शिक्षकांचं एक अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, पासवर्डसह. वर्गांची खाती साधी, विनापासवर्ड.

विंडोज १० मध्ये 'अ‍ॅड समवन एल्स टू धिस पीसी' दाबा, 'आय डोन्ट हॅव धिस पर्सन्स साइन-इन इन्फर्मेशन' आणि पुढे 'अ‍ॅड अ यूजर विदाउट अ मायक्रोसॉफ्ट अकाउंट'. पासवर्डची जागा मोकळी सोडली की सुरक्षेचे तीन प्रश्नही विचारत नाही. खात्याचं नाव इंग्रजी अक्षरांत ठेवा, पुढच्या आदेशांना सोपं जातं.

मुलांनी पासवर्ड घालू नये म्हणून : स्टार्टवर उजवी टिचकी मारून अ‍ॅडमिनचं कमांड प्रॉम्प्ट किंवा पॉवरशेल, म्हणजे आदेश टाइप करायची खिडकी उघडा. तिथे 'नेट', मोकळी जागा, 'यूजर', मोकळी जागा, खात्याचं नाव, मोकळी जागा, मग तिरकी रेघ (/) आणि तिला जोडून 'पासवर्डसीएचजी', कोलन, 'नो'. यातला 'पासवर्ड' पूर्ण, त्यापुढे सी-एच-जी ही तीनच अक्षरं. एंटर दाबलं की त्या खात्यातून पासवर्ड घालता किंवा बदलता येत नाही.

याच आदेशात शेवटी मोकळी जागा, तशीच तिरकी रेघ, 'टाइम्स', कोलन आणि वार-तास जोडून ठरावीक वारी, ठरावीक तासांतच खातं उघडेल असं करता येतं. नेट नसलेल्या घरीही हे चालतं. तास पूर्ण द्यावे लागतात, साडेपाच चालत नाही. आधीच आत बसलेल्याला वेळ संपल्यावर तो बाहेर काढत नाही, नवा प्रवेश फक्त अडवतो. आणि 'टाइम्स' व कोलनपुढे काहीच न लिहिता एंटर दाबलं तर ते खातं कधीच उघडत नाही. तसं झालं तर कोलनपुढे 'ऑल' लिहून मोकळं करा.

विंडोज ७ वाल्यांत याहून सोपं आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये 'पॅरेंटल कंट्रोल्स' आहे, त्याला नेट लागत नाही. तासांचा तक्ता असतो, नको ते तास निळे करा. 'अलाउ अँड ब्लॉक स्पेसिफिक प्रोग्रॅम्स'मध्ये फक्त परवानगीचे प्रोग्रॅम निवडा. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० लाच संपला, ती दोन यंत्रं नेटला जोडूच नका. नेट नाही ही इथे अडचण नसून सोय आहे.

मुलांसमोर उघडायला काहीतरी हवं. ई-बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये एकदा उतरवून घ्या. कीविक्स नावाच्या फुकट प्रोग्रॅमवर मराठी विकिपीडिया नेटशिवाय वाचता येतो. लहान वर्गांसाठी जीकॉम्प्री आहे, दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी शंभराहून जास्त खेळ. हे सगळं 'पब्लिक डॉक्युमेंट्स'मध्ये ठेवा, म्हणजे प्रत्येक खात्यातून दिसेल. मूळ प्रत शिक्षकांच्या पेनड्राइव्हवर असू द्या, कारण 'पब्लिक'मधलं मुलांना पुसताही येतं.

प्रश्न : मुलगी दहावीत आहे. तिच्या खात्यातले मेसेज मला वाचता येतील असं काही लावता येईल का? तिला न सांगता.
— एक आई, हिंगणघाट तालुका, जि. वर्धा

उत्तर : फॅमिली सेफ्टी मेसेज दाखवत नाही. कोणत्या साइट उघडल्या, काय शोधलं, कोणतं अ‍ॅप किती वेळ चाललं, एवढंच दाखवतं. मेसेज वाचणारी चोरटी अ‍ॅप मिळतात, ती घेऊ नका. ती बसवण्यासाठी लॅपटॉपचं संरक्षण बंद करायला सांगतात, आणि मुलीचे फोटो-मेसेज कोणत्या अनोळखी माणसाच्या संगणकावर जातात हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीसाठी आमचा सल्ला कमी कुलपांचा आहे. खातं साधं, रात्री दहानंतर बंद, गाळणा चालू, आणि उघडलेल्या साइटचा अहवाल बंद. हे तिला समोर बसवून सांगा. न सांगता लावलेलं बंधन आठवड्यात उघडकीस येतं; मग ती मैत्रिणीचा फोन वापरते आणि तुम्हाला दिसत होतं तेवढंही दिसेनासं होतं.

कुणी धमकावतंय, फोटो मागतंय अशी शंका असेल तर गोष्ट वेगळी. मग मेसेज पुसू नका, खातंही बंद करू नका. नाव, क्रमांक, तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ आहे, सायबर गुन्ह्यात पैसे गेले असतील तर १९३०. तक्रार सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवरही नोंदवता येते. आणि तिचा लॅपटॉप शिक्षा म्हणून काढून घेऊ नका, नाहीतर पुढच्या वेळी ती सांगणार नाही.

प्रश्न : मुलाच्या खात्याचा पासवर्ड विसरला. ओटीपी जुन्या सिमवर जातो, ते रिचार्ज न केल्यानं बंद पडलं. आता?
— कुरखेडा तालुका, जि. गडचिरोली

उत्तर : तुमचं स्वतःचं खातं त्या लॅपटॉपवर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असेल तर फायली कुठेही गेलेल्या नाहीत. तुमच्या खात्यातून सी ड्राइव्हमधल्या 'यूजर्स' फोल्डरात मुलाच्या नावाचं फोल्डर उघडा आणि हवं ते काढून घ्या. खातं परत मिळवायचं तर मायक्रोसॉफ्टच्या साइन इन पानावर 'फरगॉट पासवर्ड' दाबून, जुना क्रमांक चालू नाही असं सांगणारा पर्याय घ्या आणि ओळख पटवण्याचा फॉर्म भरा. ओळख पटवायचे जुने सगळे मार्ग बदलायचे झाले तर ३० दिवस थांबावं लागतं. मधे पुन्हा पुन्हा नवी विनंती करू नका. घाई असेल तर मुलाचं नवं खातं उघडा, या वेळी क्रमांक रोज रिचार्ज राहणाऱ्या फोनचा द्या आणि सोबत तुमचा ईमेलही जोडा.

एक गोष्ट आजच करून ठेवा. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि तिची ४८ आकडी रिकव्हरी की मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठते. बायोसमध्ये काही बदललं किंवा दुरुस्तीत मदरबोर्ड बदलला की लॅपटॉप ती मागतो, आणि ती नसेल तर डिस्कवरचं काहीच परत येत नाही. तुमच्या खात्याच्या पानावर 'डिव्हाइसेस'मध्ये लॅपटॉपच्या नावाखाली ती दिसते. कागदावर उतरवा, आकडे दोनदा ताडून पाहा, आणि कागद सातबाऱ्याच्या फाइलीत ठेवा. लॅपटॉपच्या पिशवीत नको.